दगडावरचं ऊन

मोतीबिंदू काढल्यावर पहिल्यांदा काय दिसलं, असं कुणालाही विचारा. बहुतेक जण म्हणतात, पांढरा रंग. घरातली भिंत, उशीचा अभ्रा, वॉशबेसिन, सगळं एकदम लख्ख. मला दिसला तो निळा. उजवा डोळा झाला होता, डावा व्हायचा होता. त्या मधल्या काळात एकदा कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळाच्या मागच्या भिंतीपाशी उभा राहून मी आळीपाळीने एकेक डोळा झाकून पाहत होतो. डाव्या डोळ्याला दगड तपकिरी, चहात बुडवून काढल्यासारखा. उजव्याला तोच दगड निळसर करडा, कोपऱ्यांच्या सावलीत जवळजवळ जांभळा. प्रदक्षिणा घालणाऱ्या एका बाईंनी थांबून विचारलं, "काका, डोळ्यात काय गेलंय का?"

डोळ्यात काही गेलं नव्हतं, डोळ्यातून काहीतरी निघालं होतं. वय वाढतं तसं डोळ्याचं भिंग पिवळं पडत जातं. पिवळ्या काचेतून निळा आणि जांभळा प्रकाश कमी आत येतो. हे इतक्या सावकाश होतं की आपल्याला पत्ता लागत नाही. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचा मोतीबिंदू १९२३ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी काढला. त्याच्या आधीच्या काळातली त्याची काही चित्रं तांबडी-तपकिरी झालेली दिसतात. त्यातच भर म्हणजे म्हातारपणी बाहुली लहान होते. विशीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा प्रकाश पोचतो, त्याच्या साधारण तिसरा हिस्साच साठीतल्या माणसाच्या पडद्यावर पोचतो. म्हणजे आजोबा आणि नातू एकाच देवळात उभे असले, तरी नातू दिवसा उभा असतो आणि आजोबा तिन्हीसांजेला.

मी बांधकाम खात्यात आरेखक होतो. ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनने रेघा मारण्यात नोकरी गेली. इमारत म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे आधी नकाशा यायचा, मग दर्शनी बाजू, मग छेद. जोत्याची उंची किती, तुळईचा गाळा किती, पागोळ्यांचं पाणी कुठे जाणार. निवृत्तीनंतर मापं गळून पडली आणि इमारती राहिल्या. आता सत्तरी केव्हाच ओलांडली. गुडघे बोलतात, मानेचे मणके झिजलेत. तरीसुद्धा, किंवा खरं तर त्यामुळेच, पाहण्याबद्दल चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

निवृत्त माणसाने काहीतरी सुंदर बघायचं ठरवलं, की आपल्याकडे यात्रा कंपनीची बस डोळ्यांसमोर येते. आठ दिवसांत एवढी ठिकाणं, पहाटे पाचला चहा, सहाला गाडी. ज्यांना झेपतं त्यांनी जरूर जावं. पण मला विचाराल तर आपल्या वयाची चैन वेगळी आहे. घराजवळची दोन-तीन ठिकाणं धरावीत आणि ती पुन्हा पुन्हा, वेगळ्या वेळी, वेगळ्या ऋतूत पाहावीत. नोकरी करणाऱ्याला हे जमत नाही. त्याला रविवारी दुपारी बारालाच वेळ असतो, आणि बाराचं ऊन दगडाला सपाट करून टाकतं. कोरीवकाम दिसायला तिरकं ऊन लागतं. सकाळी साडेसात-आठला किंवा संध्याकाळी पाचनंतर जा. नक्षीच्या प्रत्येक खाचेला सावली मिळते, आणि ज्या मूर्तीवरून आपण वर्षानुवर्षं नुसते पुढे गेलो तिच्या पैंजणाचे मणी मोजता येतात. वेळ निवडता येणं हे निवृत्तीचं खरं निवृत्तिवेतन.

आमच्या अंबाबाईच्या देवळात तर उन्हाचाच उत्सव आहे. किरणोत्सव. देवळाचं तोंड पश्चिमेला. वर्षातून दोनदा, ९, १० आणि ११ नोव्हेंबर, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात. गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा अशी एकेक पायरी घेत गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा क्रम पूर्वापार सांगतात.

या तारखा अशाच का, हे लहानपणी कुणी सांगितलं नव्हतं. दसऱ्यानंतर सूर्य रोज थोडा थोडा दक्षिणेकडे सरकून मावळतो. २१-२२ डिसेंबरला तो दक्षिणेचं टोक गाठतो आणि माघारी फिरतो. म्हणजे वाटेतल्या कुठल्याही बिंदूवरून तो दोनदा जाणार, एकदा जाताना आणि एकदा येताना. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर हे अंतर एक्केचाळीस दिवसांचं, आणि तिथून १ फेब्रुवारी बेचाळीस. कॅलेंडर घेऊन बसा, जमतं. देऊळ अगदी नेमकं पश्चिमेला न पाहता किंचित दक्षिणेकडे कललेलं असेल आणि समोरची वाट मोकळी असेल, तर वर्षात दोनच वेळा सूर्य त्या लांबलचक बोळाच्या रेषेत येणार. आरेखकाच्या भाषेत सांगायचं तर मंडपांची ही सगळी रांग म्हणजे एक नळी आहे आणि तिचं एक टोक आभाळात एका ठरावीक जागी रोखलेलं आहे.

आता वाट तितकी मोकळी राहिलेली नाही. महाद्वार रोडवर मजले चढले, जाहिरातीचे फलक आले. कधी ढग, कधी क्षितिजावर धूळ-धूर. एखाद्या वर्षी किरणं चरणांना स्पर्श करून विरतात, एखाद्या वर्षी मुखापर्यंत जातात. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी असते: किरणं गुडघ्यापर्यंत पोचली, कमरेपर्यंत पोचली. इथल्या महाविद्यालयांतले प्राध्यापक उपकरणं घेऊन प्रकाशाची तीव्रता मोजतात. एका गावाला एका ठरावीक संध्याकाळी उन्हाची तिरीप कुठवर आली याची काळजी असावी, हे मला फार भारी वाटतं.

त्या दिवशी मात्र गर्दी असते आणि गर्दीत आमच्या वयाच्या माणसाने शिरू नये. माझा उपाय वेगळा. किरणोत्सवाच्या आठवडाभर आधीपासून मी आमच्याच घराच्या पश्चिमेच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हावर नजर ठेवतो. समोरच्या भिंतीवर उन्हाचा चौकोन पडतो, त्याच्या कडेला पेन्सिलीने बारीक खूण करतो. चौकोन रोज सरकतो. कपाटाच्या मुठीपाशी आला की देवळातही किरणं कासव चौकाच्या आसपास असणार, असा माझा हिशेब असतो. आमची ही म्हणते, "रंगाऱ्याचा खर्च तुमच्या पेन्शनीतून." पण खूण पुसत नाही. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांना मी हा उद्योग आवर्जून सांगतो. पेन्सिल, भिंत आणि एक खिडकी एवढंच भांडवल लागतं. वर्षभरात त्या चौकोनाने भिंतीवर किती मजल मारली हे पाहिलं की बंद खोलीतसुद्धा पृथ्वी कलल्याचं कळतं.

दुसरं माझं ठिकाण खिद्रापूर. शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठावर, कर्नाटकाच्या सीमेला लागून. कोल्हापूरहून साठ-सत्तर किलोमीटर, गाडी थेट देवळापर्यंत जाते आणि चढ मुळीच नाही. कोपेश्वराचं हे देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकाच्या आसपासचं. यादव राजा सिंघण याचा तेराव्या शतकातला शिलालेख तिथे आहे. शिवमंदिर असून समोर नंदी नाही. नंदी नदीपलीकडे कर्नाटकात यडूरला आहे, असं इथले लोक सांगतात, आणि त्यामागची दक्षयज्ञाची कथाही ऐकवतात.

दारातून आत गेलं की आधी लागतो तो स्वर्गमंडप. तिथे छताच्या मधोमध मोठं वाटोळं आभाळ आहे. छत कोसळलं म्हणून नव्हे, मुद्दाम ठेवलेलं. खालच्या फरशीवर तेवढ्याच मापाची एक गोल शिळा. भोवती बारा खांबांचं वर्तुळ, बाहेर आणखी खांब, सगळे मिळून ४८. एकाच खांबाकडे खालून वर पाहत गेलं तर तो कुठे चौकोनी, कुठे अष्टकोनी, कुठे गोल होत जातो. वर छताच्या कडेला आपापल्या वाहनांवर बसलेले दिक्पाल. आभाळाचा तो गोल कशासाठी याची उत्तरं पुष्कळ. होमाचा धूर जायला म्हणून, असं कुणी म्हणतं. मला काही धूर पटत नाही. धुरासाठी कुणी एवढं रेखीव काम करत नाही.

त्या गोलाची खरी वेळ कार्तिकी पौर्णिमेची, म्हणजे त्रिपुरीची. त्या रात्री चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास या गोलाच्या वर येतो आणि चांदणं खालच्या शिळेवर पडतं. लोक खास त्यासाठी जमतात. इथे किरणोत्सवाचं गणित उलटं करून लावून पाहा. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. कार्तिकात सूर्य दक्षिणेकडे जेवढा कललेला, तेवढाच चंद्र उत्तरेकडे, साधारण सतरा-अठरा अंश. खिद्रापूर विषुववृत्तापासून उत्तरेला साडेसोळा-सतरा अंशांवर. म्हणजे त्या रात्री चंद्र जवळजवळ डोक्यावरून जाणार. चंद्राची वाट दरवर्षी थोडी इकडेतिकडे सरकते, म्हणून तंतोतंत मध्य दर वर्षी साधत नाही. नोव्हेंबरातला जो दक्षिणेकडे झुकलेला सूर्य कोल्हापुरात अंबाबाईच्या दारातून आडवा आत जातो, त्याच्याच समोरचा चंद्र त्या महिन्यात खिद्रापूरच्या छतातून उभा खाली उतरतो. हा मेळ लक्षात आला तेव्हा मी कागदावर दोन्ही देवळांचे छेद शेजारी शेजारी काढले. एकात आडवी रेघ, एकात उभी. नोकरीत काढलेल्या कुठल्याही नकाशापेक्षा तो कागद मला जवळचा आहे.

स्वर्गमंडप संपला की सभामंडप, आणि तिथे अंधार. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर तरुणांचे डोळे लवकर सरावतात, आपले सरावायला बराच वेळ घेतात. बहुतेक म्हातारी माणसं इथेच फसतात. आत जातात, काही दिसत नाही, नमस्कार करून बाहेर येतात. असं करू नका. आत गेल्यावर उंबऱ्यापासून दोन पावलं बाजूला व्हा, एखाद्या खांबाच्या तळखड्याशी बसा आणि दहा मिनिटं काही पाहायचा प्रयत्नच करू नका. आधी खांबाची कड उजळते, मग त्यावरचं कोरीव पान, मग पलीकडच्या खांबावरची आकृती. अंधारातून माणसं बाहेर यावीत तसे एकेक आकार येतात. घाई करणाऱ्याला हे मिळत नाही आणि आपल्याला घाई करता येत नाही, हिशेब सरळ आहे. उंबरे मात्र जपून ओलांडा. जुन्या देवळांचे उंबरे उंच असतात आणि डोळे सरावायच्या आधीच पाय अडखळतो.

छताचं काय करायचं? डॉक्टरांनी मला मान मागे टाकायला मनाई केली आहे, आणि आपल्याकडच्या कारागिरांनी तर सगळ्यात सुंदर काम छतावर करून ठेवलंय. मी खिशात दाढीचा आरसा ठेवतो. हाताच्या तळव्याएवढा. कमरेपाशी आडवा धरला की सगळं छत खाली येतं. मान खाली, दृष्टी वर. हात थोडा हलवला की कमळाची पाकळी न् पाकळी आरशातून सरकत जाते. पहिल्यांदा तिथल्या पहारेकऱ्याला संशय आला. म्हणाला, "काय करताय वो?" त्याच्या हातात आरसा दिला. वर्षानुवर्षं त्या छताखाली उभा राहिलेला माणूस, आरसा फिरवत बसला तो बसलाच. नंतर शाळेच्या सहलीची पोरं आली, त्यांची रांग लागली. आरसा एवढासाच हवा. मोठा घेतलात तर हात दुखतो आणि लोक हसतात. लांबच्या कोरीवकामासाठी पक्षी पाहायची दुर्बीण चालते, आठपट मोठं दाखवणारी. त्याहून जास्त ताकदीची घेऊ नका, हात थरथरतो आणि चित्र हलतं. गळ्यात दुर्बीण असली की देवळाच्या शिखरावरचा सुरसुंदरीचा चेहरा आणि तिच्या खांद्यावर बसलेला पोपट एकाच नजरेत येतो. खरा पोपट म्हणतोय मी.

देवळांबद्दल इतकं लिहून गावातल्या बाकीच्या इमारतींबद्दल न लिहिणं बरं नव्हे. एकोणिसाव्या शतकात मेजर चार्ल्स मँट नावाच्या इंग्रज लष्करी अभियंत्याने कोल्हापूरला बऱ्याच इमारती दिल्या. १८७६ साली पुरा झालेला टाउन हॉल त्याचा. आज ज्याला आपण सीपीआर म्हणतो त्या दवाखान्याची जुनी दगडी इमारत त्याची. नवा राजवाडाही त्याचाच, मात्र तो १८८४ साली पुरा झाला तेव्हा मँट जिवंत नव्हता. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडाही मूळ त्याच्याच आराखड्याचा. टाउन हॉलमध्ये आता वस्तुसंग्रहालय आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती तिथे बघायला मिळते. रोमशी इथला व्यापार होता, त्याचा हा पुरावा. तिच्यासमोर मी फार थांबत नाही. मला बाहेरची बाग आणि दवाखान्याचे कमानीदार व्हरांडे आवडतात. आजाऱ्याला भेटायला गेल्यावर नंबर येईपर्यंत कमानी मोजण्यात माझा वेळ बरा जातो.

झाडांच्या बाबतीतही माझा नियम तोच. एक धरा. गल्लीच्या तोंडाशी पिंपळ आहे. माघ-फाल्गुनात तो रिकामा होतो आणि मग काही दिवसांत तांबूस, तेलकट चकचकीत पालवी येते. सकाळच्या उन्हात ती पारदर्शक होते. हे सगळं आठ-दहा दिवसांचं काम, त्यानंतर पानं हिरवी होऊन बसतात. करंजाची पोपटी पालवी त्याच्या आगेमागे. पन्हाळ्याच्या वाटेवर पळस, पांगारा, काटेसावर फुलतात ते होळीच्या आसपास. वैशाखात बहावा आणि तामण. तामण आपल्या राज्याचं फूल, तरी त्याचा जांभळा रंग मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना राखाडी दिसतो. शस्त्रक्रिया लांबणीवर टाकणाऱ्या मित्रांना मी हेच सांगतो की निदान तामण फुलायच्या आत उरकून घ्या.

कानांचंही ऐका. वय वाढलं की वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. शिंजिराचं चिवचिवणं मला आता ऐकू येत नाही. फुलावर तो दिसतो, चोच हलते, आवाज नाही. भारद्वाजाचा खालच्या पट्टीतला घुमारा मात्र साफ ऐकू येतो. माझ्या एका मित्राच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला आहे, त्याला समोरचं मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. तो संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर येऊन बसतो. शालिनी पॅलेसच्या मागे सूर्य उतरतो, पाण्यावर तांबडा पट्टा येतो, आणि पट्टा त्याला नजरेच्या कडेला दिसतो म्हणे. सूर्य दिसत नाही. "सूर्याकडे कुणी बघायचं नसतंच," तो म्हणतो. वारकरी पक्ष्यांची काळी टोळी पाण्यावर असली की मी त्याला सांगतो, आणि पहिल्या पावसात पाण्याचा वास बदलला की तो मला सांगतो.

पन्हाळ्याबद्दल तीनच वाक्यं. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी वारशाचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात तो आहे, आणि गाडी वरपर्यंत जात असल्याने त्या बारांतला आमच्या गुडघ्यांना मानवणारा तोच. अंबरखान्याच्या धान्यकोठ्या सपाटीवर आहेत, त्या बघा. अंधारबावीच्या पायऱ्या उतरायचा मोह वरूनच आवरा.

आता थोडं शास्त्राचं. सुंदर गोष्टी पाहून आयुष्य वाढतं का, असं लोक विचारतात. १९८४ साली रॉजर उलरिच या संशोधकाने अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना जबर वेदनाशामकं कमी लागली. २०१९ साली इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या सहा हजारांहून अधिक लोकांच्या चौदा वर्षांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. जे संग्रहालयं, प्रदर्शनं, नाटकं यांना अधूनमधून जात होते, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. पण जो चालता-फिरता असतो तोच नाटकाला जातो, हेही त्यात आलं. संशोधकांनी तो भाग वजा करायचा प्रयत्न केला तरी तो सगळा वजा होत नाही. २०२० साली कॅलिफोर्नियात साठीपुढच्या ५२ जणांवर एक छोटा प्रयोग झाला. आठ आठवडे, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटांचा फेरफटका. निम्म्यांना सांगितलं, चालताना थक्क करणारं काहीतरी शोधा. बाकीच्यांना नुसतंच चालायला सांगितलं. शोधणाऱ्यांना आनंद, कृतज्ञता यांसारख्या भावना जास्त जाणवल्या. त्यांनी काढलेल्या स्वतःच्या फोटोंत आठवड्यागणिक त्यांचा चेहरा लहान होत गेला आणि मागचं दृश्य मोठं. हा शेवटचा निष्कर्ष मला पटतो. आयुष्य वाढतं का ते मला ठाऊक नाही, पण फोटोत आपण लहान होणं बरं.

उलरिचची खिडकी माझ्या घरातच आहे. आमची आक्का, माझी थोरली बहीण, कमरेचं हाड मोडल्यापासून पलंगावर आहे. तिची खाट पूर्वी टीव्हीकडे तोंड करून होती. आम्ही फिरवली, आता तोंड खिडकीकडे. बाहेर कडुनिंब. पलंगाची उंची आणि खिडकीचा उंबरठा मी टेपने मोजून घेतला, कारण झोपल्या झोपल्या फांद्या दिसायला हव्या होत्या, नुसतं आभाळ नव्हे. शेवटी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालाव्या लागल्या. चैत्रात मोहोर आला की आक्काच आधी सांगते. खारीचं घरटं कुठे आहे तेही तिलाच ठाऊक. भेटायला येणारे बिस्किटाचे पुडे आणतात. फुलांची एक डहाळी आणली तर तिला जास्त आवडेल, हे कुणाला सुचत नाही.

एवढं सगळं जमतं ते बसायला जागा असेल तिथेच. आमच्या वयाच्या माणसाचं सौंदर्य बाकापासून बाकापर्यंत असतं. जुन्या बांधकामांना हे कळत होतं. देवळाच्या मंडपाला कडेने दगडी कक्षासन असायचं, त्याला पाठही कललेली. वाड्याला ओटा असायचा, पाराला कट्टा. आपण नवे रस्ते केले, बागा केल्या, पर्यटनस्थळांवर दिव्यांचे झगमगाट केले आणि बाक मात्र असे टाकले की बसलं तर उठता येत नाही. सिमेंटचे, बुटके, बिनपाठीचे. पायऱ्यांना कठडा नाही. स्वच्छतागृह असतंच तर दहा पायऱ्या वर.

म्हणून दोन विनंत्या. पहिली मुलांना. आई-वडिलांना कुठे घेऊन जाल तेव्हा गाडीच्या डिकीत एक घडीची खुर्ची टाका, आणि पोचल्यावर "चला, झालं का?" असं विचारू नका. दुसरी दानशूर मंडळींना आणि देवस्थानांच्या विश्वस्तांना. देवळाला देणगी द्यायची असेल तर पंखा देऊ नका, पंखे पुष्कळ झाले. बाक द्या. अठरा इंच उंचीचा, पाठ असलेला, उठताना टेकायला दोन्ही बाजूंना हात असलेला, आणि संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याला विचारून आवाराबाहेर सावलीत ठेवलेला. त्यावर नाव घालायचंच असेल तर पाठीच्या मागल्या बाजूला घाला, म्हणजे टेकणाऱ्याला अक्षरं टोचणार नाहीत.